कुत्रा नसलेलं गिऱ्हाईक

खून, दरोडे, दंगली, सगळं पाहून मी निवृत्त झालो. पण कुणी म्हटलं, साहेब, एखादी केस सांगा, की मला सगळ्यात आधी आठवते ती लातूरची, कुत्र्यांच्या पाळणाघराची. लोक हसतात. हसू द्या. माणसांची नावं मी लिहिणार नाही. कुत्र्याचं लिहितो, त्याची काही हरकत नसावी.

तेव्हा मी लातूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती, रात्रपाळीचे लोक घरी जायच्या घाईत होते. तेवढ्यात बाजारपेठेतले एक मोठे कापड दुकानदार कुत्र्यासकट थेट माझ्या खोलीत शिरले. कुत्रा लॅब्राडोर, पांढरा, चांगला तगडा, नाव ब्रुनो. त्याने माझ्या बुटांचा वास घेतला आणि टेबलाखाली पसरला.

"साहेब, ह्याच्यावर कुणीतरी करणी केलीय," दुकानदार म्हणाले.

मी मूळचा बिलोलीकडचा. आमच्याकडे कुत्रा ओसरीवर झोपतो आणि मिळेल ते खातो. त्याला दिवसभर सांभाळायला एक जागा असते आणि लोक त्याला शाळेतल्या पोरासारखं तिथं नेऊन सोडतात, हेच मला नवीन होतं. वर पुन्हा करणी! पण हा शब्द आमच्या भागात हसण्यावारी नेऊन चालत नाही. भानामतीच्या नुसत्या संशयावरून बायांचे हाल झालेले मी नोकरीत पाहिलेत. म्हणून चहा सांगितला आणि म्हणालो, "पहिल्यापासून सांगा."

दुकानदार आणि त्यांच्या पत्नी दोघंही दिवसभर दुकानात. मुलं शिकायला बाहेरगावी. घरी कुत्रा एकटा राहतो म्हणून रोज निलंगा रोडवरच्या या पाळणाघरात सोडायचे. कधी तक्रार नव्हती. पण अलीकडे दर गुरुवारी ब्रुनो घरी आला की त्याच्या कपाळावर पिवळा-लाल डाग दिसायचा, कुणीतरी ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केल्यासारखा. त्या रात्री तो त्याच्या महागड्या खाण्याच्या गोळ्यांना तोंड लावायचा नाही. पाळणाघरात कॅमेरा होता, मालकांना आपला कुत्रा मोबाईलवर पाहता यायचा. गुरुवारी दुपारी मात्र तो बंद असायचा आणि विचारलं की तिथल्या बाई सांगायच्या, "लाईट गेली होती."

"बंद करा ते दुकान," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "न्हाई तर आमच्या गल्लीतली माणसं करतील बंद."

माझ्या हाताखाली देगलूरकडच्या एक महिला हवालदार होत्या. तोंडाच्या फटकळ, कामाला पक्क्या. दुकानदार गेल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, कुत्र्यावर करणी करून कुणाला काय मिळून राहिलं? माणसं संपले का काय?"

मला खरं तर हाच प्रश्न पडला होता. गुन्हा म्हटला की कुणाचा तरी फायदा असतो. इथं तो कुठंच दिसेना.

त्या पाळणाघराबद्दल गिऱ्हाइकांनी मोबाईलवर आपापले अनुभव लिहून ठेवले होते. हवालदारांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवले. अर्ध्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं. कुणाचा कुत्रा फटाक्यांची भीती विसरला होता, कुणाचा चावायचा थांबला होता. उरलेल्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली होती, गुरुवारी नेमकं काय होतं? त्यांतल्या एक दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांना बोलावून जबाब घेतला. त्यांच्या छोट्या पग जातीच्या कुत्र्याच्या कपाळावरही तोच डाग. त्या शिकलेल्या बाई, करणी वगैरे मानणाऱ्या नव्हत्या, पण त्यांना गुंगीच्या औषधाचा संशय होता. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली होती.

"मग काय निघालं?"

"औषध काही नाही निघालं. ज्वारी निघाली," त्या म्हणाल्या. "माझ्या कुत्र्यानं जन्मात ज्वारी खाल्लेली नाही हो, साहेब!"

आता मात्र माझी झोप उडायची वेळ आली. हळद, कुंकू, ज्वारी आणि बंद कॅमेरा. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नसलेला एक माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "त्या कुत्र्याच्या शाळेत गुरुवारी दुपारी एक बाई येती. डोक्यावर पदर, हातात बोचकं. आत गेली की पडदे वढून घेत्यात. तुम्ही कायतरी करा, न्हाई तर आमी करतो." फोन कट.

हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. घरमालकानंही पाळणाघरवाल्या बाईंना जागा सोडायला सांगितल्याचं आमच्या बीट अंमलदाराने कळवलं. म्हणजे येत्या गुरुवारपर्यंत छडा लागला नाही, तर एका बाईचा धंदा उठणार होता आणि करणीवाली हा शिक्का कायमचा कपाळी बसणार होता. मी स्वतः गेलो.

पाळणाघर म्हणजे एक बैठं घर, मागे जाळी लावलेलं मोकळं अंगण. सगळीकडे स्वच्छ. चालवणाऱ्या ताई पस्तिशीच्या, सडपातळ, आवाज ठाम. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी करणीचा विषय काढला तशा त्या हसल्याच.

"साहेब, आमच्या आजोबांनी धर्म बदलला तवाच हे सगळं घराबाहेर काढलं. माझ्या घरात देव्हारा न्हाई, कुंकवाचा करंडा न्हाई. हळद हाय, ती वरणापुरती. बगा वाटलं तर."

हवालदारांनी स्वयंपाकघर पाहिलं. खरंच होतं.

"मग गुरुवारी कुत्र्यांना कुंकू कोण लावतं?"

हसू गेलं.

"आणि लाईट. वीज कंपनीच्या माणसाला विचारून आलोय मी. या भागात गुरुवारी दुपारी लाईट जातच नाही. फक्त तुमच्याच घरची जाते का, ताई?"

त्यांनी मान खाली घातली. "खोटं बोलले मी. कॅमेरा मीच बंद करते."

"का?"

"ते न्हाई सांगणार. शब्द दिलाय."

मी दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं. लोक काय बोलतायत, घरमालक काय करणार, सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. चौकशीत मी दोन तऱ्हेची गप्प माणसं पाहिलीत. स्वतःला वाचवणारा घाम पुसत राहतो, दाराकडे बघतो. दुसऱ्याला वाचवणारा खाली मान घालून बसतो आणि बोलणी खातो. ताई खाली मान घालून बसल्या होत्या.

परत येताना जीपमध्ये हवालदार म्हणाल्या, "मला एक कळून नाही राहिलं. करणी करणारा एका जनावराला धरील. हिथं तर झाडून सगळ्यांच्या कपाळाला टिळा!"

तिथंच माझं डोकं चाललं. झाडून सगळ्यांना टिळा कधी लावतात? करणीत नाही. पंगतीत! जेवायला बसलेल्या पाहुण्याला गंध-कुंकू लावायचं आणि मग वाढायचं. एकाला लावलं आणि शेजारच्याला वगळलं तर तो अपमान. म्हणजे तिथं गुरुवारी कुणीतरी जेवायला घालत होतं.

गुरुवारी दुपारी आम्ही साध्या वेशात समोरच्या रसवंतीत बसलो. रिक्षा थांबली. नऊवारी नेसलेली, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी असलेली एक म्हातारी उतरली. हातात कापडात बांधलेलं टोपलं. दार उघडलं, पडदे ओढले गेले. आम्ही मागच्या अंगणाकडून जाळीपाशी गेलो.

अंगणात कुत्री ओळीने बसली होती. शपथेवर सांगतो, ओळीने. म्हातारी एकेकाच्या कपाळाला हळद-कुंकू लावत पुढे सरकत होती. ताई पत्रावळीवर भाकर कुस्करून दूध ओतत होत्या. कुणी आधी तोंड घालू लागला की म्हातारी दटावायची, "थांब की रं मुडद्या, समद्यांना वाढू दे!" आणि शेवटी, ओळीच्या टोकाला बसलेल्या ब्रुनोपाशी ती जमिनीवर टेकली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "बाळ्या," म्हणाली, "वाळलास रं माझ्या लेकरा."

तो चांगला धष्टपुष्ट होता. तरी म्हणाली.

मी आत गेलो, ओळख सांगितली. ताई घाबरल्या, म्हातारी नाही. निलंग्याहून एसटीने येते म्हणाली, थोरल्या मुलाकडे असते.

"आणि हा कुत्रा?"

"धाकट्याचा. पर वाढिवला मी. एवढासा हुता, कापसाच्या वातीनं दूध पाजलंय." मग तिने सगळं सांगितलं. दोघा भावांची शेतावरून बोलाचाली झाली. ती थोरल्याच्या बाजूने एक शब्द बोलली. धाकटा म्हणाला, जा मग त्याच्याकडंच ऱ्हा. ती गेली. नातीनं मोबाईलवर पाळणाघराच्या गिऱ्हाइकांचे व्हिडिओ दाखवले, त्यात बाळ्या दिसला. "म्हटलं, लेकाच्या उंबऱ्यावर जायची चोरी. हितं तर जाता येतंय. ह्या लेकीला हात जोडले, म्हटलं त्याला कळू देऊ नगं. कळलं तर बाळ्याला हितं धाडायचं बंद करील."

"पण मावशी, टिळा न लावता फक्त ह्याच्यापुरतीच भाकर आणली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. "बाकीचे तोंडाकडं बगत बसत्याल की! एकाला वाढायचं नि दुसऱ्याला न्हाई, आसं आसतंय व्हय?"

मी हवालदारांना बाजूला घेतलं आणि दुकानदारांना घेऊन यायला सांगितलं. काय दिसेल ते सांगू नका म्हणालो. ताईंनी ते ऐकलं आणि माझ्यावर उसळल्या, "साहेब, तुम्ही म्हातारीचा गुरुवार तोडायलाव." त्या क्षणी मलाही खात्री नव्हती. पण तक्रार हातात होती, गल्ली पेटलेली होती आणि गप्प राहून ताई बुडाल्या असत्या.

दुकानदार तणतणत आले. "सापडली का करणीवाली?" मी त्यांना जाळीपाशी उभं केलं आणि म्हणालो, "बघा."

त्यांनी पाहिलं. तोंड उघडंच राहिलं. ब्रुनोने वास घेतला आणि शेपटी हलवत उठला. म्हातारीने पाठमोरीच दटावलं, "पंगतीतनं उठू न्हाई बाळ्या, बस." तो ऐकेना म्हणून तिने वळून पाहिलं.

दुकानदारांची मान खाली. मला वाटलं, आता म्हातारी सगळं काढणार; काढायला भरपूर होतं.

"उन्हात का हुबारलास?" ती म्हणाली. "लेकी, आणिक एक पत्रावळ मांड."

पत्रावळ ब्रुनोच्या शेजारी मांडली गेली. एवढा मोठा दुकानदार, इस्त्रीच्या पँटीनिशी फरशीवर बसला. तिने बोट हळदीत, मग कुंकवात बुडवलं आणि त्याच्या कपाळाला लावलं.

"अव्वा," त्यांचा आवाज फाटला, "घरी चल."

"बगू," ती म्हणाली. "आदी जेव."

ते जेवले. रडत रडत जेवले.

तक्रार त्यांनी त्याच संध्याकाळी लेखी मागे घेतली आणि गल्लीत स्वतः फिरून, करणी-बिरणी काही नव्हती, माझी आई होती, असं सांगितलं. ते सांगणं सोपं नसतं. घरमालकानंही जागा सोडायचं बोलणं मागे घेतलं. म्हातारी लेकाकडे येऊन-जाऊन असते, पण गुरुवारी पाळणाघरातच. कॅमेरा आता चालू असतो आणि लोक कामं सोडून मोबाईलवर ती पंगत पाहतात. दातांच्या डॉक्टरांनी नवा अनुभव लिहिलाय: गुरुवारी कुत्र्याला रात्रीचं जेवण ठेवू नका.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी संशय घ्यायला शिकलो, ते कामच होतं. पण हळद-कुंकू पाहून आम्हा सगळ्यांना, शिकलेल्या-न शिकलेल्यांना, आधी करणीच आठवावी आणि जेवणाची पंगत सगळ्यात शेवटी, हे मला अजून बोचतं. पुढे कुठलीही केस आली की मी हवालदारांना विचारायचो, इथं कुणी कुणाला जेवायला तर घालत नाही ना? त्या हसायच्या, पण तेही तपासून यायच्या.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आलो. बायकोने ताट वाढलं. मी म्हणालो, भूक नाही. ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. "हे काय लावून आलात? आणि कुठं जेवलात?"

मी कपाळाला हात लावला. बोट पिवळं झालं.