ज्योत समोरून आली तेव्हा

अनुभव लिहितो म्हणल्यावर तुमी सरसावून बसला असाल. आता ह्याच्या स्वप्नात हिरव्या लुगड्यातली म्हातारी येणार, सकाळी उशाखाली कुंकू सापडणार, डॉक्टर तोंडात बोट घालणार. तसलं काय बी न्हाय. मला स्वप्नात टायर पंक्चर झालेलं तेवढं दिसतं. आन् ह्या अनुभवात वाईट माणूस कोण ते शोधायला लांब जायला नको. मीच हाय.

मी ट्रक चालवतो. शाळेत अभ्यासापेक्षा नकलांनीच माझं नाव झालं. हेडमास्तरांचा खोकला, कंडक्टरची शिट्टी, गाडी रिव्हर्स घेतानाचं टुंटुं, सगळं तोंडानं काढतो. लोकं हसली की मला चढतं, हा जुना रोग. घटस्थापनेच्या सकाळी जळकोटवरून सोयाबीन भरून बार्शीला निघालो. पोती माझ्या दाजींची, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची, आन् दाजी शेजारीच बसलेले. नळदुर्ग सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलो तसा मागं एक जुना ट्रक लागला, लोखंडी पाइप भरलेला. हॉर्न वाजवून, दिवे मारून जागा मागायला लागला.

आमच्या धंद्यात एक रीत हाय. मागच्याला आपल्या गाडीमुळं पुढचं दिसत नसतं. म्हणून पुढच्यानं रस्ता मोकळा बघायचा आन् डावा इंडिकेटर द्यायचा, म्हणजे 'या, मोकळं हाय.' मग आपण पाय ढिला करायचा, कडेला सरकायचं, त्याला जाऊ द्यायचं. ओळख न पाळख, तरी मागचा माणूस त्या पिवळ्या दिव्याच्या भरवशावर जीव घेऊन बाहेर निघतो. म्या त्या दिव्याचाच खेळ केला. डावा इंडिकेटर दिला, तो बाहेर निघून बरोबरीला आला, आन् म्या गाडी दाबली, म्हणजे वेग वाढवला. का, तर दाजींना हसवायला. आरशात पांढरी दाढी दिसली होती, म्हणून म्हाताऱ्याच्या आवाजात सुरू केलं, "अरे बेटा, जाने दे रे, मेरा दम निकल गया रे!" दाजी पोट धरून हसायलते. तो पुढं काढायला बघायचा, मी अजून दाबायचो.

पुढं चढ होता. चढावरनं भगवे झेंडे वर आले. आमच्याकडं घटाच्या दिवशी गावोगावची मंडळं तुळजापूरच्या देवळातनं ज्योत पेटवून पळत गावाला नेतात. तशी दहा-बारा पोरं, अनवाणी, पुढच्याच्या हातात ज्योत, मागं त्यांचा टेंपो. आन् येत होती नेमकी त्याच बाजूनं, जिथं म्या त्या ट्रकला अडकवून ठेवला होता. त्याला मागं सरकायला जागा न्हवती, माझ्या मागं दोन गाड्या चिकटलेल्या. जोरात ब्रेक मारावा तर पाइप त्याच्याच केबिनमध्ये घुसणार. त्या पाइपवाल्या दाढीवाल्या चाचांनी खिडकीतनं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली न्हाय. नुसता हात कपाळाला लावला, विनवणी केल्यासारखा.

लिहायला लाज वाटते, पण पोरं मला दिसली होती, आन् तरी माझा पाय दाबलेलाच होता. जीभ सुद्धा अजून नकलेतच होती. मग तोंडातनं "आई" एवढंच निघालं, आन् कुणी घोट्याला धरून उचलावा तसा पाय वर आला. म्या उचलला न्हाय. माझा ट्रक मागं पडला, पाइपवाला पुढं सरकला, माझ्या तोंडासमोरनं डावीकडं शिरला, आन् ज्योत त्याच्या अंगाला घासल्यागत निघून गेली. वाऱ्यानं आडवी झाली, विझली न्हाय. पोरं "आई राजा उदो उदो" म्हणत पळत गेली. त्यांना काय माहीतच न्हाय.

त्या बिचाऱ्यानं पुढं गेल्यावर खिडकीतनं हात काढला आन् दोन बारके हॉर्न दिले. आमच्यात त्याला आभार म्हणतात. त्या दोन हॉर्ननं मला जेवढं लागलं तेवढं बापाच्या पट्ट्यानं लागलं न्हाय. तेव्हापासून डावा दिवा दिला की माझा पाय आधी निघतो. तुळजापूरच्या आईनं एकदा हातानं शिकवलं, तिचे उपकार कुठं फेडू?

पुढच्या चहाच्या हॉटेलापाशी चाचा गाडी लावून उभे होते. हात करून थांबवलं, आमच्यासाठी दोन चहा सांगितले. म्हणले, "बेटा, तू टायमावर जागा दिली म्हणून पोरं वाचली. माझी गाडी बुढ्ढी झाली, लवकर निघालीच न्हाय. माफ कर."

दाजींनी टेबलाखालनं माझा गुडघा दाबला. "गप चहा पी," हळूच म्हणले.

म्या चहा तसाच ठेवला. म्हणलं, "चाचा, गाडी बुढ्ढी न्हाय तुमची. तुम्हाला बोलवून म्याच दाबत होतो. मजा म्हणून. तुमची नक्कल बी करत होतो. पाय म्या काढला न्हाय, देवीनं काढला."

चाचांनी ग्लास खाली ठेवला. मग आख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं सुरू झाले. "शरम न्हाय वाटत, नालायका? तुझं तोंड बी बघितलं न्हवतं म्या, तरी तुझ्या दिव्यावर बाहेर आलो! कुणाच्या लेकरांवर गाडी घालायला लावत होता मला? ह्या उमरीला?" दाजींकडं वळले, "आन् तुम्ही, जबाबदार माणूस, हसत बसले!" दाजी चपलेकडं बघायले. चाचा पुन्हा माझ्यावर आले. "देवीनं पाय काढला म्हणतो. काढला असंल. मानतो मी, लई मेहेरबानी तिची. पण आज तिचे घट बसलेत, सारा मुलूख तिच्या दारात उभा हाय. ते सोडून दर बारीला तुझ्या केबिनमध्ये येऊन तुझा पाय उचलत बसंल का ती? पुढच्या टायमाला तुझा तू उचल!"