सहाव्या खुर्चीचा फोटो

तुम्ही ज्या खुर्चीवर बसून हे वाचताय, ती कोणी बनवली? दुकानाचं नाव नको, माणूस सांगा. नाही ना सांगता येत? मलाही यायचं नाही, आणि त्याचा मला राग यायचा. त्या रागातूनच मी दोह्यात जुनं इंग्लिश ओकचं फर्निचर गोळा करायला लागले.

घरी सगळे हसले. माझे वडील नाशिकला कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकले तीही त्या पत्रकांवरच. घड्या घालता घालता मथळे वाचायचे, आणि प्रत्येक मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असायचं. त्याच गठ्ठ्यांत एक पातळ पुस्तिका होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या काही माणसांनी यंत्राच्या मालाला नकार देऊन फर्निचर पुन्हा हातानं घडवायचं ठरवलं, त्याबद्दलची. सांधा झाकायचा नाही, कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, आरपार बाहेर काढायचा, पाचर दिसू द्यायची. लाकडानं खोटं बोलायचं नाही. बारा वर्षांच्या मुलीला हे पटायला वेळ लागत नाही.

"साहेबांच्या खुर्च्या गोळा करतेस?" वडिलांनी फोनवर विचारलं.

"साहेबांच्या नाही बाबा, सुतारांच्या."

"बसतं कोण त्यांच्यावर?"

मी विषय बदलला.

मी इथे एका बांधकाम कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे, तीन वर्षांच्या करारावर. आलेल्या मालाच्या कागदांवर विश्वास ठेवायचा नाही, याचा मला पगार मिळतो. बाकीचं शिकवलं इथल्या मराठी मंडळात भेटलेल्या काकांनी. काका मूळ पुण्याचे, गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर, अल थुमामात राहतात. त्यांच्या घरात ओकचं एक अख्खं कपाट आहे आणि एसीच्या कोरड्या हवेनं त्याला चिरा पडू नयेत म्हणून काकू त्याच्या खाली पाण्याचं पातेलं ठेवतात. काका कुठलीही वस्तू बघायला गेले की आधी ती उलटी करतात. यजमानांच्या देखत.

"समोरून सगळेच सज्जन दिसतात, कॉम्रेड," ते म्हणायचे. "खालून बघ."

खालून काय बघायचं तेही त्यांनीच सांगितलं. जुनं लाकूड आडवं आकसतं, उभं नाही. म्हणून सांध्यात ठोकलेली गोल खुंटी वर्षानुवर्षांनी जराशी लांबट होते आणि बोटाला लागेल इतकी बाहेर येते. अमोनियाच्या वाफेनं काळवंडवलेल्या ओकचा रंग आत मुरलेला असतो. नुसता डाग चढवला असेल तर नखानं खरवडल्यावर खालून पांढरं लाकूड दिसतं. दोन वर्षांत माझ्याकडे एक तिवई, पुस्तकांची एक घोडी आणि एक छोटं टेबल जमलं. अबू हमूरमधल्या पार्टिशन केलेल्या व्हिलातल्या माझ्या एका खोलीत त्याहून जास्त मावत नव्हतं.

मग त्या सहा खुर्च्या आल्या.

विकणाऱ्या बाई इंग्लिश होत्या, इथल्या शाळेत शिकवून निवृत्त होत होत्या. माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं कंपाउंड, म्हणजे भिंतीआडची घरांची वसाहत. खुर्च्या आजोबांच्या काळच्या, एका खेड्यातल्या कार्यशाळेत घडवलेल्या. पाठीला आडव्या पट्ट्या, बैठक लव्हाळ्यानं विणलेली. बाईंनी दार उघडलं, चहा दिला. मी पहिली खुर्ची उलटी केली तेव्हा त्यांनी भुवई वर केली. खुंट्या बाहेर आलेल्या होत्या. रंग आतपर्यंत होता. दुसरी उलटी करायला गेले, तशा त्या म्हणाल्या, "तू पाच घे. सहावी माझ्याकडून भेट."

इथे माझ्या डोक्यात घंटा वाजली. फुकट का? शिक्षिका बाई, सामान आवरतायत, एवढं भलेपण अचानक कुठून आलं? मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "सहा एकत्र राहिलेल्या बऱ्या." आणि खिडकीकडे बघायला लागल्या.

सहावी मी घरी येऊन नीट तपासली. खुंट्या अगदी सपाट, जिथल्या तिथे. खरवडून पाहिलं तर रंग होता खोल, पण लाकडाला तो जुना वास नव्हता. मग टॉर्च घेतला. सुतार चौकट जोडण्याआधी सांध्यावर पटाशीनं खुणा करतात, कुठला कुसू कुठल्या खाचेत जाणार ते कळावं म्हणून. पाच खुर्च्यांच्या पायांवर आतल्या बाजूला रोमन आकड्यांच्या उभ्या-आडव्या रेघा होत्या. सहाव्या खुर्चीच्या पायांवर होतं: १, २, ३, ४. आपलं एक, आपलं दोन. आणि चाराच्या खाली एक लहानशी खूण. ती कशी होती हे मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

मला काय वाटलं असेल ते माझ्यासारख्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. मला चोर सापडला होता! आपल्याकडच्या कुणा माणसाचे हात वापरायचे, त्याचं नाव पुसायचं आणि त्याची खुर्ची इंग्लंडचा वारसा म्हणून पुढे सरकवायची. आणि ताडून पाहू नये म्हणून वरून भेटीचा मुलामा. दोह्यातल्या जुन्या फर्निचरवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, बरेचसे इंग्रज, काही आपले. शुक्रवारी दुपारी जेवणही न करता मी लिहायला बसले. मथळा टाकला, "या खुर्चीतला घाम कुणाचा?" खाली चार परिच्छेद. बाईंचं नाव नव्हतं, पण कंपाउंडचं वर्णन असं केलं होतं की कुणालाही कळावं. सोबत फोटो जोडला, आकड्यांचा आणि त्या खुणेचा, जवळून, स्वच्छ उजेडात. फोटो चांगला यावा म्हणून पाय ओल्या फडक्यानं पुसूनही घेतला होता.

संध्याकाळपर्यंत अंगठ्यांचा पाऊस. कुणी लिहिलं, शाब्बास. कुणी लिहिलं, लाजिरवाणं. एकानं, ज्याला मी ओळखत नव्हते, एवढंच लिहिलं: "फार सुंदर काम. कोण आहे हा सुतार? माझ्या ओळखीच्या एका फॅक्टरीत दाखवतो." मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "तू येऊ शकशील का? लगेच."

मी भांडायच्या तयारीनं गेले. घर जवळजवळ रिकामं होतं, आवाज घुमत होता. बाई उभ्याच राहिल्या.

"तू माझ्याबद्दल काय वाटेल ते लिही. मी पंधरा दिवसांनी इथे नसेन. पण तो फोटो ग्रुपवरून काढून टाक."

"का? खरं आहे म्हणून?"

"तो माणूस इथेच असणार आहे म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. येताना बोटीच्या प्रवासात एक खुर्ची मोडली होती, सांधता येणार नाही इतकी. तिचे तुकडे त्यांनी शाळेत नेऊन ठेवले होते; तिथे कपाटं बसवायला आलेल्या एका सुतारानं ते पाहिले आणि म्हणाला, मी नवी करतो. तो एका मोठ्या फर्निचर कंत्राटदाराकडे नोकरीला आहे. परवानगीशिवाय बाहेरचं काम केल्याचं कळलं तर नोकरी जाऊ शकते, आणि इथलं राहणं नोकरीलाच बांधलेलं आहे. त्यानं बाईंकडून वचन घेतलं होतं की कुणाला सांगायचं नाही. म्हणून त्या खुर्चीचे पैसे घ्यायला त्यांचं मन धजेना, आणि ती जुनी नाही हे सांगायला तोंडही उघडेना.

"तू कार्यशाळेबद्दल वीस प्रश्न विचारलेस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एकविसावा विचारलास तर मी खोटं बोलेन. तू विचारला नाहीस."

माझा विश्वास बसला नाही. पकडला गेलेला माणूस नेमकी अशीच गोष्ट रचतो. तरी तिथेच उभं राहून मी ग्रुपवरचा फोटो पुसून टाकला, आणि त्या सुताराला भेटायचंय म्हणाले. बाईंनी आधी त्याला फोन करून विचारलं. बराच वेळ. मग मला फक्त जागा सांगितली: दोह्याबाहेरची कामगारांची वस्ती, बिरकत अल अवामेर, पुढचा शुक्रवार, सकाळी, एका चहाच्या टपरीपाशी.

काकांच्या गाडीनं गेलो. वाटेत मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही तो फोटो कुठे पाठवला नाही ना?"

"छे. म्हणजे मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आणि आमच्या प्लांटच्या."

"काका!"

"अगं, कौतुकानं टाकला! खाली लिहिलं, बघा आमच्या पोरीची नजर." त्यांनी इंडिकेटर दिला. "आणि पुण्याच्या मित्रांच्या. पण ते काय, पुण्यात."

सुतार चाळिशीचा असेल. तो बोलायला लागला आणि दोन वाक्यांत त्याचा तालुका कळला, इतकी त्याची बोली ठसठशीत. म्हणून त्याचं बोलणं मी इथे धुऊन, साध्या मराठीत लिहिते आहे. ते त्याच्या तोंडी शोभत नाही, हे मला माहीत आहे.

"ताई, तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "बसलात का खुर्चीवर?"

"नाही अजून."

"मग ओळखली कशावरून? पाय वर करून?"

काका खोकल्यासारखं करून हसले. मी त्याला तेच विचारलं जे विचारायला आले होते. कुणी जबरदस्ती केली का, फसवलं का, कमी दिलं का. 

"बाईंनी मोबदल्यात त्यांच्या आजोबांच्या पटाश्या दिल्या. तसलं पोलाद आता मिळत नाही. आणि काम मीच मागून घेतलं. फॅक्टरीत मी काय करतो माहितीये का? मशीन फळी कापतं, मी कडेला पट्टी चिकटवतो. वर्षानुवर्षं पट्टी चिकटवतो. आणि शाळेत ही मोडकी खुर्ची पडलेली, आणि तिच्यात सगळं उघडं. कुसू कसा घातला, पाचर कुठून मारली. त्या म्हाताऱ्या इंग्रज सुतारानं पाठीची एक पट्टी केसभर तिरकी बसवलेली, सहाही खुर्च्यांत. चूक असेल नाहीतर सवय. मी पण तिरकी बसवली. सहा बहिणी एकीसारख्या एक दिसायला नकोत?"

पाठीची पट्टी तिरकी आहे हे मला दिसलं नव्हतं. काकांनाही नाही. आम्ही खालूनच बघत होतो.

"आणि ती खूण?" मी विचारलं.

"ती वडिलांची. वखरापासून दाराच्या चौकटीपर्यंत त्यांच्या प्रत्येक कामावर आहे. दिसणार नाही अशा जागी करायची. मी फॅक्टरीतही करतो, पट्टीच्या आत, फोरमनला न कळता." मग त्याचा आवाज खाली आला. "करायचो."

तेवढ्यात मला कळलं, पण त्यानं पुढचं सांगितलंच. मंगळवारी फोरमन मोबाईल घेऊन प्रत्येकाच्या टेबलापाशी आला. पडद्यावर माझा फोटो. "कुणाची खूण आहे ही?" सगळे म्हणाले, माहीत नाही. त्यातल्या निम्म्यांना माहीत होतं. फोरमन म्हणाला, ठीक आहे, आपल्या मालावर कुठे सापडते का ते बघतो.  गोदामात पडून असलेल्या दारांच्या आत ती खूण आहे, आणि एखादं दार उघडलं की खलास.

मी काहीतरी बोलायला लागले. नियमच चुकीचा आहे, यावर लिहायला हवं, लोकांना कळायला हवं की... त्यानं हात वर केला.

"लिहा ना ताई. भांडा. पण त्या फोटोनं मला पुढे करू नका. तो आधी थांबवा."

परतताना काकांनी गाडी बाजूला घेतली आणि तिन्ही ग्रुपवर लिहिलं. त्यातल्या दोन ठिकाणी उत्तर आलं: का, काय झालं, कुणाचा आहे? आता मला प्रत्येक "कुणाचा आहे"चा संशय येतो. ग्रुपवर कौतुक करणाऱ्या त्या माणसाला मी विचारलं, फोटो कुठे दाखवलात. त्यानं निळ्या खुणा येऊ दिल्या आणि उत्तर दिलं नाही.

बाई गेल्या. विमानतळावर जाण्याआधी त्यांना भेटून मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. सुतार आजपर्यंत कामावर आहे. गेल्या महिन्यात काकांनी चौकशी केली तेव्हा त्यानं सांगितलं की तो आता कशावरच खूण करत नाही, घरी गेल्यावरही करेन असं वाटत नाही. हात पटाशीकडे जातो आणि थांबतो. त्याच्या वडिलांपासून चाललेली गोष्ट माझ्या एका दुपारच्या पत्रकानं बंद पडली. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "छापायच्या आधी ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला वाचून दाखवायचं असतं. मी तुला हे कधी सांगितलंच नाही का गं?"

हा मजकूर मी त्याला फोनवर वाचून दाखवला आहे. दोन ओळी त्यानं काढायला लावल्या, त्या काढल्या. आणि शेवटी काय मागायचं तेही त्यानंच सांगितलं.

ओकच्या खुर्चीचा पाय, त्यावर पटाशीनं कोरलेले देवनागरी आकडे आणि चाराच्या खाली एक लहान खूण: असा फोटो गेल्या काही महिन्यांत तुमच्या फोनवर आला असेल. मंडळाच्या ग्रुपवर, ऑफिसच्या, शाळेतल्या पालकांच्या, कुठेही. गॅलरीत शोधा आणि पुसून टाका. ज्यांना पुढे पाठवला असेल त्यांनाही पुसायला सांगा, आणि कारण विचारलं तर सांगू नका.