अध्यक्षांचा शुक्रवार

अध्यक्षांना त्यांची बायकोसुद्धा अध्यक्षच म्हणायची. "अध्यक्ष, दूध संपलंय," असं काकू स्वयंपाकघरातून सांगायच्या आणि अध्यक्ष मुकाट्याने चपला घालायचे. मी जन्मायच्या आधीपासून ते बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा मतपत्रिकेवर वाचलं, आणि क्षणभर वाटलं, हा कोण तिसराच माणूस उभा राहिलाय. आता ते कणकवलीजवळच्या आपल्या गावी असतात. तिथे त्यांना काय म्हणतात, मला माहीत नाही.

मंडळाचे कार्यक्रम पुष्कळ होते, पण अध्यक्षांचा जीव शुक्रवारच्या पंगतीत होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी मनामातल्या भाड्याच्या हॉलमध्ये वरणभात, एक भाजी, एक उसळ, ताक. मआमीरहून मंडळाच्या बसने वेल्डर, फिटर, ड्रायव्हर यायचे. जनाबिया आणि सीफकडून गाड्यांतून इंजिनिअर आणि बँकवाले यायचे. सोडून दिलं असतं तर बसवाले बसवाल्यांशेजारी बसले असते आणि गाडीवाले गाडीवाल्यांशेजारी. म्हणून अध्यक्ष दारात उभे राहायचे. चपला काढणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून रांगेत पाठवायचे, एक इकडचा, एक तिकडचा. कोणी मैत्रिणीसाठी जागा धरली की म्हणायचे, "इलास तसा बसा. हय रिझर्व्हेशन नाय." माझी आई ऑडिटर. तिच्या शेजारी बरीच वर्षं देवगडचे एक क्रेनवाले काका बसत आले आणि आमच्या घरातल्या आंब्याच्या पेट्या त्यांच्या ओळखीने येऊ लागल्या.

मला बोलायला जमत नाही. लहानपणी तर कोणी मराठीत काही विचारलं की मी इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचे आणि ताटाकडे बघायचे. मग मावश्या मागे लागायच्या, "अगं, मराठीत बोल की! शाळेने जीभ ठेवून घेतली का?" अध्यक्ष भाताचं पातेलं घेऊन येत असले तर तिथेच थांबायचे. "तिका जेवंदे. बोलणारे आपल्याकडे रग्गड आसत." त्या रग्गड बोलणाऱ्यांत ते स्वतः पहिले होते. हातात माइक आला की तो परत घेणं हे खजिनदारांचं दरवर्षीचं काम असायचं. पण गप्प बसलेल्या माणसाला त्यांनी कधी टोचलं नाही. माझ्याशी ते मालवणीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि आमचं कधी काही अडलं नाही.

अध्यक्षपदासाठी मंडळात कधी स्पर्धा झाली नव्हती. वर्षातून एका शुक्रवारी पंगतीआधी सगळे हात वर करायचे, अध्यक्ष "बरां, बरां" म्हणायचे आणि पानं मांडायला घ्यायचे. मागच्या वर्षी पहिल्यांदा निखिल उभा राहिला. निखिल पुण्याचा, सीफमधल्या एका बँकेत, राहायला जनाबियाला. माणूस वाईट नव्हता. कोणाचं व्हिसाचं काम अडलं तर स्वतः जाऊन बसायचा. त्याने स्लाइड्स करून आणल्या होत्या. त्यात मुलांसाठी रोबोटिक्स होतं, नाटकाचा दौरा होता, आणि एका स्लाइडवर लिहिलं होतं की दर शुक्रवारची पंगत बंद करून तीन महिन्यांतून एकदा हॉटेलात स्नेहभोजन ठेवावं. "काका, लोकांना वीकेंड हवा असतो हो," तो अध्यक्षांना म्हणाला. अध्यक्षांनी ती स्लाइड शेवटपर्यंत नीट वाचली.

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून प्रचारात त्यांची गाडी मी चालवली. मला नवीन लायसन्स मिळालं होतं आणि बडबड करायची नाही या अटीवर मी तयार झाले होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "माका पद नको गो बाय. शुक्रवार होयो. पण पदाशिवाय शुक्रवार ऱ्हवणा नाय, काय करतलंय?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यल्ला, चल."

सीफच्या एका टॉवरखाली दोन अकाउंटंट कॉफीच्या सुट्टीत त्यांना भेटायला उतरले. अध्यक्षांनी एकाच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, दुसऱ्याला मुलीच्या शाळेबद्दल सल्ला दिला आणि हात हलवत परत आले. मी म्हटलं, "काका, यू डिडंट आस्क फॉर द व्होट." ते थबकले. "अरे! इचारूचा ऱ्हवला." परत मात्र गेले नाहीत.

जनाबियाच्या एका व्हिलात बाईंनी दार उघडतानाच सांगून टाकलं, "काका, रागावू नका, आम्ही निखिलला शब्द दिलाय."

"मग शब्द पाळूक होयो," अध्यक्ष म्हणाले आणि आत जाऊन बसले. चकल्या खाल्ल्या, भाजणी कोणाची ते विचारलं, वर काकूंसाठी एक बांधून घेतली. गाडीत मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले ते एवढंच, "चकली खरीच बरी होती."

मआमीरला कामगारांच्या खोलीत मात्र त्यांना बोलूच दिलं नाही. पलंगांवर मुलं दाटीने बसली होती, खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसत होती. "अध्यक्षांनू, तुमी कशाक इलात? आमची मतां तुमचीच."

"तसा म्हणा नको. निखिलचा पण ऐका."

"तो हय इलोच नाय, ऐकूचा कसा?" एका फिटरने विचारलं आणि खोली हसली. अध्यक्ष हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी निखिलला फोन करून मआमीरला जाऊन यायला सांगितलं. तो गेलाही. असं प्रचार करताना मी कोणाला पाहिलेलं नाही.

आणि मग त्यांनी ते केलं. मतदान नेहमीसारखं शुक्रवारी दुपारी होतं. अध्यक्षांनी जाहीर केलं की त्या शुक्रवारी पंगत नाही आणि पंगत नाही म्हणून बसही नाही. काकू साताऱ्याच्या, त्या स्पष्ट बोलायच्या. "अध्यक्ष, डोळ्याचं ऑपरेशन केलं की डोक्याचं? ती बस म्हणजेच तुमची मतं."

"म्हणानच तर," अध्यक्ष म्हणाले. "जेवण घालून, गाडीतून आणून मतां घेतली असा कोणी एकान जरी म्हटला, तरी पंगतीक डाग लागतलो. इतक्या वर्षांत लागूक नाय."

मआमीरहून टॅक्सी करणं त्या मुलांना परवडणारं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी हळूच म्हटलं, मी माझ्या गाडीने फेऱ्या मारते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तू माझी ड्रायव्हर. तू आणलंस म्हणजे मीच आणलंय."

त्या शुक्रवारी हॉलबाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. मआमीरहून एका पिकअपमध्ये मावली तेवढीच माणसं आली. मतं एका निवृत्त शिक्षिकेने मोजली. निखिल निवडून आला. फरक एका बसइतकाही नव्हता. अध्यक्षांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, खिशातून हॉलच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या. निखिलला त्या कुठे ठेवाव्यात ते कळेना.

"काका, पुढच्या शुक्रवारचं सामान सांगून झालंय का?"

"झालाय. बसवाल्याक पण सांगलंय. आता तू अध्यक्ष, तू रद्द कर. फकत रद्द करूच्या आधी एकदा वाढून बघ."

पुढच्या शुक्रवारी बस आली. मुलं उतरली, चपला काढून आत आली. दारात कोणी नव्हतं, पण सगळे आपणहून एक इकडचा एक तिकडचा असे बसले, जनाबियाच्या चकलीवाल्या बाईसुद्धा. अध्यक्ष भिंतीकडच्या टोकाला बसले होते. निखिल इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून भात वाढत होता. पातेलं जड होतं, रांग लांब होती, वाकून वाकून त्याचा चेहरा लाल झाला होता. मआमीरचा तो फिटर पानातल्या मूठभर भाताकडे आणि त्याच्याकडे रोखून बघत होता. मग म्हणाला, "सायबानू, हात आखडू नका. भात तुमच्या बँकेचो नाय."

आधी निखिलच हसला, मग सगळी रांग. त्याने फिटरच्या पानात भाताचा डोंगर घातला. "आता संपवून दाखवा," तो म्हणाला. "मी इथेच उभा आहे." "उभो ऱ्हव," फिटर म्हणाला, "पण वरण घेऊन." निखिल वरण आणायला धावला.

ताक वाढायची वेळ झाली तेव्हा बसचा केरळी ड्रायव्हर दारात आला. "साब, अगले फ्रायडे आना है, या खलास?"

निखिल पळी हातात धरून रांगेकडे बघत होता. अध्यक्ष पानातल्या मिठाकडे बघत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, मुद्दामच.

"आना है," निखिल म्हणाला. "टाइम वही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुन्हा जेवणाचे आवाज सुरू झाले. माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या, त्या अगदी हळू म्हणाल्या, "आठवडाभर पेजेशिवाय काही गेलं नव्हतं त्यांच्या पोटात." समोर अध्यक्षांनी पान पुढे सरकवलं, निखिलला हाक मारली आणि भात मागितला. मग वरण. मग पुन्हा भात.