सगळं बरं आहे

हाडांच्या वॉर्डातून मला बोलावणं आलं की कागदावर एकच वाक्य असतं: पेशंट सहकार्य करत नाही. नवी मुंबईतल्या या हॉस्पिटलात मी मानसोपचाराची डॉक्टर आहे. म्हणजे जो इतरांचं ऐकत नाही, तो माझा.

त्या दिवशीच्या आजी सानपाड्याच्या गावठाणातल्या. खुब्याचं ऑपरेशन झकास झालेलं, पण नंतर तीन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आता नाकातून नळी घालायचं ठरत होतं. सून पेजेचा डबा घेऊन शेजारी बसली होती. मला पाहताच तिने बजावलं, आमच्या आई वेड्या नाहीत. मी म्हटलं, मीही नाही.

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. मनगट उघडं होतं.

"बांगड्या फोडल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "आमचा म्हातारा गेला ना? कोन सांगत नाय."

हात सुजलेला, बांगड्या निघेनात, म्हणून ऑपरेशनआधी नर्सने त्या फडक्यात धरून फोडल्या होत्या. मंगळसूत्र सुनेच्या पर्समध्ये. नवरा दिसला नव्हता, कारण वॉर्ड बायकांचा, पास एकच, तोही सुनेकडे. आजींनी विचारलं की सून सांगायची, बाबा बरे आहेत, टेन्शन घेऊ नका. माणूस गेल्यावर आपण आजाऱ्याला नेमकं हेच सांगतो. त्या वॉर्डात सगळ्यांत ठिकाणावर डोकं आजींचंच होतं. मला आम्हा सगळ्यांची लाज वाटली.

आजोबा तीन दिवस खाली गेटजवळच्या बाकावर बसून होते. वॉचमन ऐकेना, तेव्हा मी लेटरहेडवर लिहून दिलं: नवरा, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. खाली शिक्का मारला. शिक्क्यापुढे वॉचमनचं काही चालत नाही.

आजींनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शर्ट मळलाय म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "पेज दे."

आजोबा दोन मिनिटं उभे राहिले आणि माझ्या मागोमाग बाहेर आले. दाराशी मला गाठून हळूच म्हणाले, "बाय, खरं सांगा. ती वाचंल ना? तीन दिस सगली सांगतान, बरी हाय, बरी हाय."

बऱ्या आहेत, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना परत आत नेलं आणि पेजेची वाटी त्यांच्याच हातात दिली.