नातवासाठी शाळा बघायला गेलो होतो

माझी मुलगी वैभववाडीला असते. तिचा नवरा टेम्पो चालवतो, मुलगा यंदा नववीला आहे. बायको गेल्यावर मुलगी दर दोन दिवसांनी फोन करायची आणि जेवलात काय, एवढंच विचारायची. मी जेवलो म्हणायचो. कधी जेवलेलो असायचो, कधी नसायचो.

मग जावयाला आमच्या बंदरावरून कोल्हापूरला मासे न्यायचं काम मिळण्याची वेळ आली. काम घेतलं तर तिघांनी माझ्याकडेच राहायला यायचं असं ठरत होतं. मी होय म्हणालो. एवढ्या लवकर म्हणालो की माझी मलाच लाज वाटली. घर तीन खोल्यांचं. बायकोच्या आजारपणात तिची खाट मधल्या खोलीत होती. साखरेने आधी पाय गेला, मग ती गेली. खाट तिथेच राहिली. मी पडवीत झोपतो.

पण मुलीने एक अट घातली.

"बाबा, आधी हायस्कूल बगून येवा. तुमच्या बाजूक पर्यटक वाढलेहत, गोव्याहून काय काय येता म्हणतत. ह्याचा वय वाईट आसा."

"शाळेत काय येता? मास्तर येतत, पोरां येतत."

"मस्करी नको, बाबा. नशापाण्याचा काय आसा काय, ता बगून सांगा. तुमी बरी म्हणालात तर येतो. नायतर नाय."

म्हणजे सगळं माझ्या शब्दावर आलं. शेजारची म्हातारी म्हणाली, देवळात कौल लाव, देव सांगेल. मी तिला म्हटलं, देवाक हायस्कुलातला काय कळता, तो कधी शाळेत गेल्लो? तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. त्यानंतर रापणीवर जाळ्याची दोरी ओढली, मग होडी घेतली, मग गुडघे गेले. हायस्कूल खाडीच्या कडेला आहे, आमच्या घरापासून लांब नाही, पण फाटकाच्या आत मी मुलीच्या दहावीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी पांढरा शर्ट घातला. तो बायकोच्या बाराव्याला घातलेला.

हेडमास्तर चांगला बोलला. खुर्ची दिली, पाणी दिलं. भिंतीवर व्यसनमुक्तीचा फलक होता, कवटी काढलेली आणि सिगारेटवर फुली.

"आजोबा, आपल्याकडे असला प्रकार अजिबात नाही. शाळेचा निकाल बघा ना तुम्ही."

"निकाल नको. मुतारी दाखवा."

तो हसला. मी हसलो नाही. शाळा पुढून सगळ्यांचीच चांगली असते. आमच्या वेळी बिड्या मुतारीमागेच ओढायचे, आणि मी चौथीतच सोडली तरी तेवढं शिकलो होतो.

त्याने शिपायाला बरोबर दिलं. मुतारीमागे गुटख्याच्या पुड्या होत्या. त्या आमच्या देवळामागेही असतात, त्याचं मला विशेष वाटलं नाही. आवाराच्या दगडी गडग्याला एक खिंडार होतं, त्यातून पायवाट खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत उतरत होती. शिपाई नवीन, घाटावरचा. तो म्हणाला, "काका, तिकडं नका जाऊ, चिखल हाय." चिखलाला मी कधीपासून भ्यायला लागलो? उतरलो.

तिवरांच्या आत भरतीचं पाणी पोचत नाही अशी एक कोरडी जागा आहे. तिथे पंक्चरच्या सोल्युशनच्या नळ्या पडल्या होत्या. पुष्कळ. शेपटीपर्यंत पिळून सपाट केलेल्या. आणि बाजूला दुधाच्या रिकाम्या पिशव्या.

मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं.

आम्ही पोरं असताना ट्रकच्या जुन्या टायरातली रबरी टूब फुगवून खाडीत उतरायचो. टूब कमरेला बांधायची, पिशवी गळ्यात, आणि ओहोटीला तिसऱ्यांचे शिंपले काढायचे, कालवं फोडायची, पाग असली तर ते जाळं फेकायचं. कालवाच्या धारेने टूब फाटायचीच. काठावर बसून काचकागद घासायचा, सोल्युशन लावायचं, फुंकर मारायची, रबराचा तुकडा चिकटवायचा. चड्डीच्या खिशात कायम सोल्युशनची नळी. माझ्या लग्नाच्या शर्टाच्या खिशातसुद्धा होती, बायको आयुष्यभर त्यावरून टोचायची. म्हणून त्या नळ्या बघितल्या आणि मनात आलं, इथली पोरं अजून खाडीत उतरतात. पिशव्या तिसऱ्यांसाठी. शाळा बुडवत असतील थोडी. बुडवू देत. मोबाईलवर डोकं घालून बसण्यापेक्षा ते बरं.

घरी येऊन लगेच फोन लावला.

"बरी आसा गो शाळा. पोरां टूब घेवन खाडयेत उतारतत. बाकी काय नाय."

"नक्की मां, बाबा?"

"मी सोताच्या डोळ्यांनी बगलंय."

मागून नातू ओरडला, आजोबा, माका पण टूब व्हयी. मी म्हटलं, आणून ठेवतंय.

त्या आठवड्यात मी मधल्या खोलीला चुना मारला. खाट उन्हात काढली, दोऱ्या ताणून घेतल्या. बायकोची मासे विकायची पाटी तिथेच खाटेखाली होती, ती माळ्यावर ठेवली. ठेवताना जरा वेळ लागला. मुलीने नातवाच्या शाळेत दाखल्यासाठी सांगून टाकलं. जावयाने माशांचे क्रेट बघून ठेवले.

मग मी नातवासाठी टूब आणायला निघालो. नाक्यावर पंक्चरवाला आहे, तो पोरगा असताना आमच्या रापणीवर यायचा. आता केस पांढरे झाले.

"तात्यानू, टूब आता खंय रवली? सगळो ट्यूबलेस जमानो. ट्रकाची एक आसा मागे पडलेली, न्हेवा. पण तुमका कित्याक? ह्या वयात पोहूक जातास?"

"नातवाक. तो हंय ऱ्हवूक येतलो. हायस्कुलाची पोरां उतारतत मां खाडयेत, तेंच्यावांगडा जायत."

"खंयची पोरां उतारतत?"

"अरे, शाळेमागे तिवरांत बग जावन. सोल्युशनाच्या नळ्यांचो खच पडलोहा. तुझो धंदो बरो चल्लोहा, आणि माकाच इचारतस?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"तात्यानू, ती पोरां टूब जोडनत नाय. ती हुंगतत."

"काय हुंगतत?"

"सोल्युशन. पिशयेत घालून."

 मला खरंच कळलं नव्हतं. सोल्युशन हुंगून काय होतं, हे त्याला मला समजावून सांगावं लागलं, जसं लहान पोराला सांगतात. दारूसारखी झिंग येते म्हणाला. बिडीपेक्षा स्वस्त. तोंडाला दारूचा वास नाही, त्यामुळे घरी कळत नाही. एकदा एक पोरगं खाडीच्या काठावर पडलं होतं, ते उठलंच नसतं, तिसऱ्या काढणारी कोणी बाई तिथून गेली म्हणून वाचलं.

"मी पोरांका देणा बंद केलंय. पण दुसरे देतत. मगे थोडे जण पुढे आणखी कायतरी घेतत, ता मोटरसायकलीवरना येता, ता माका ठावक नाय आणि माका ठावक करून घेवचाही नाय."

"मास्तरांका ठावक आसा?"

"आसतला. पण शाळेचा नाव खराब झाला की पोरां कमी होतली, पोरां कमी झाली की शाळा बंद पडतली. ताही तेंका ठावक आसा."

पैसे त्याने घेतले नाहीत. टूब खांद्यावर टाकून मी निघालो, पण घराकडे गेलो नाही. मधल्या सुट्टीची वेळ होती. गडग्याच्या बाहेरच्या बाजूने, खाडीकडून, तिवरांत शिरलो.

चार पोरं होती. शाळेचे शर्ट चड्डीतून बाहेर काढलेले, दप्तरं फांदीला टांगलेली. एकाने मला बघितलं आणि पिशवी पाठीमागे घेतली. दुसऱ्याने ती तसदीही घेतली नाही.

"रे, आजो इलो. आजानू, पंक्चर झालास काय?"

सगळे हसले. ते हसणं थांबेना. गमतीपेक्षा हसणं मोठं होतं. डोळे लाल, खूप वेळ पाण्याखाली डोळे उघडे ठेवल्यावर होतात तसे. पण कपडे कोरडे. तेव्हा मला दिसलं की त्या जागेत माशाचं एक खवलं नाही, तिसरीचा एक शिंपला नाही. पहिल्या वेळीही नव्हता.

"चला, उठा. घंटा होतली."

"तुमी जावा, आजानू. घंटा आमका ऐकू येता."

चौथा, सगळ्यात बारका, तिवराच्या मुळांना टेकून बसला होता. तो हसत नव्हता. उभा राहायला गेला आणि पुन्हा बसला. मी टूब खाली टाकली आणि त्याच्या काखेत हात घातला. वजन नव्हतं अंगात. माझ्या नातवाएवढाच.

"कोणाचो रे तू?"

 पहिला म्हणाला, "तेचो बापूस ट्रॉलरार आसा. गणपतीक येता."

"आणि आवस?"

"आवशीक सांगू नका," बारका म्हणाला. तेवढंच बोलला. माझा शर्ट त्याने मुठीत धरला होता.

घंटा झाली. बाकीचे तिघं खिंडारातून वर गेले, एक अडखळला, दुसऱ्याने त्याला वर खेचलं. बारक्याला मी खाडीवर नेऊन तोंड धुवायला लावलं. उलटी केली. जरा वेळाने त्याने दप्तर घेतलं आणि तोही गेला, वर्गात, बाकीच्यांसारखा. पांढऱ्या शर्टात, ओल्या केसांनी, पुढून बघितलं तर चांगलं पोरगं.

मी तसाच हेडमास्तरकडे गेलो. चिखलाच्या पायांनी. बघितलं ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"आजोबा, तुमची कळकळ समजते मला. पण ती जागा शाळेच्या हद्दीत येत नाही."

"पोरां येतत काय हद्दीत?"

 पुढे त्याने गडग्याचं ते खिंडार काटेरी तारेने बंद केलं. पोरं आता दुसरीकडे बसतात. कुठे ते मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी मुलीला फोन करायचा होता आणि मी करत नव्हतो. शेजारची म्हातारी माझ्याशी बोलायला लागली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता खंयची शाळा सोवळी उरली? वैभववाडीक नसतला, ह्या कोणी बगलाहा? येवंदे तेंका. पोरगो तुझ्या नजरेसमोर तरी ऱ्हवात."

खोटं नव्हतं तिचं. मला ते पटायला लागलं होतं. पटावं असंच मला वाटत होतं. मधल्या खोलीत चुना वाळला होता, खाट ताणलेली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्या खोलीत दिवा लावला होता. पोरगं माझ्या नजरेसमोर राहील. संध्याकाळी मी त्याला बंदरावर नेईन.

मग मनात आलं, माझी नजर? ह्याच नजरेने मी तो खच बघितला आणि मासेमारी म्हणून घरी आलो. नातू उद्या लाल डोळे घेऊन दारात उभा राहिला असता तर मी म्हटलं असतं, वा, खाडीत पोहून आला. टॉवेल दिला असता. जुन्या खाडीची राखण मला जमली असती, ह्या पोरांची नाही जमत. बायको असती तर तिने एका दिवसात ओळखलं असतं. ती घरोघर मासे विकायची, कुठल्या घरात काय चाललंय ते तिला उंबऱ्यावर कळायचं. ती नाही.

फोन लावला.

"गो, येव नको. शाळा बरी नाय."

"बाबा, त्या दिवशी तुमीच म्हणालात बरी आसा!"

"माका कळला नाय त्या दिवशी." आणि सगळं सांगितलं, नळ्या, पिशव्या, बारकं पोरगं.  मागे टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला.

"मगे तुमी येवा हंय. एकटे कित्याक ऱ्हवतास थंय?"

"माका थंय दर्या खंय गावतलो?"

"दर्यार आता जातास तरी काय?"

जात नाही. ते तिचं खरं. पण सकाळी उठून दार उघडलं की दिसतो, आणि त्या दारातून बायको चाळीस वर्षं पाटी घेऊन बाहेर पडली. हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, बगूया. आम्ही दोघंही बगूया म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असतो. ती रडली आणि रागावलीही. मग फोन नातवाने घेतला.

"आजोबा, टूब हाडलास?"

"हाडलंय."

"मगे आमी कधी येतलो?"

"मे म्हयन्यात ये. शाळेक सुट्टी पडली की ये."

"मे म्हयनो खंय, लांब आसा मां."

"आसा लांब."

कोल्हापूरचं काम दुसऱ्या टेम्पोवाल्याला मिळालं. सकाळी तो माझ्या दारावरून हॉर्न मारत जातो.

टूब एका जागी फाटली होती. ती मी मधल्या खोलीत खाटेवर बसून जोडली. काचकागद घासला, सोल्युशन लावलं, फुंकर मारली. वास खोलीभर पसरला. पूर्वी मला तो आवडायचा. त्या दिवशी उठून मी खिडकी उघडली, आणि नळीत उरलेलं सगळं रद्दी कागदावर पिळून चुलीत घातलं. टूब फुगवून भिंतीला टांगली आहे. पडवीतून दिसते.