ग्रहणातले वांगे

"बाई, ग्रहणात काय चिरलं होतं?"

साहेबांनी माह्या मायले असं माइकवर इचारलं. अकोल्यात फाटल्या ओठाच्या फुकट ऑपरेशनचं शिबिर होतं, त्याच्या स्टेजवर. मी नऊ वर्षांची. टाके पडून आठच दिवस झाले होते. मागं बॅनर. त्याच्यावर माहाच फोटो, ऑपरेशनच्या आधीचा, दरवाजाएवढा. साहेबांनी दोन बोटांनी माही हनुवटी उचलली. बाजारात बकरीचं तोंड पाहतात तशी. लोकाइले दाखवली.

माय माइककडे पाहून राहिली. मग म्हणे, "वांगे, साहेब."

लोक हसले. साहेबही हसले. म्हणे, "हे आपलं अज्ञान! आता हिचं ग्रहण आम्ही सोडवलं." टाळ्या पडल्या. वांगे चिरून ओठ फाटत नाही, एवढं एक वाक्य मात्र मायले कोणीच सांगतलं नाही. तिनं पदर तोंडाले लावला आन माहा हात धरून खाली उतरली.

तेल्हाऱ्याच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान. माय वांगे विके, पण घरी कधी चिरले नाही. बाबांनी ते बॅनर मागून आणलं. कापड मजबूत होतं नं, फुकटचं. दुकानावर सावलीले बांधलं, फोटो आतल्या अंगानं. बाबांले वाटलं, आतून कोणाले दिसते? मले दिसे. उन्हाळाभर मी माह्याच फाटल्या तोंडाखाली बसून भेंड्या विकल्या. राग आला नाही. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

ओठावर दोरीसारखी रेघ राहिली. एक नाकपुडी बसलेलीच. तेव्हा तेवढंच जमे म्हणतात. असीन.

लग्न होऊन अमरावतीले आली. राजापेठेत झेरॉक्सच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकाइचे फॉर्म हाताखालून जातात, म्हणून वाचल्याबिगर सही करायची नाही, हे एक शिकली.

दिवस गेले होते, त्यातच ग्रहण आलं. मले सातवा होता. माय तेल्हाऱ्यावरून मुद्दाम आली. खिडक्या लावल्या. पाणी नाही, चाकू नाही, सुई नाही. कूस बदलायची नाही. मी शिकलेली, तरी लाकडासारखी पडून राहिली. भेव होतं. खोटं काऊन बोलू?

पोट्टी झाली. ओठ नाकापर्यंत फाटलेला.

माय पाळण्याजवळ उभी. म्हणे, "म्या तर तुले हलूही दिलं नाई व." एवढंच म्हणे दिवसभर.

डॉक्टरीणबाईंनी बाळाले मांडीवर घेतलं. हनुवटी नाही उचलली. म्हणाल्या, "हिच्यात काही कमी नाही, ताई. ओठाचे स्नायू आहेत, फक्त चुकीच्या जागी चिकटलेत. ते सोडवून जागेवर जोडायचे." आता ऑपरेशन लवकर करतात. आधी तोंडात टाळूले लहानशी प्लेट लावली, तिले नाकपुडी उचलायची तार. दर आठवड्याले नेऊन घासून आणायची. फट रोज थोडी जवळ येत गेली, मी डोळ्यानं पाहिली. चौथ्या महिन्यात ऑपरेशन ठरलं. टाक्याची रेघ नाकाखालच्या नैसर्गिक उंचवट्यावरच घेतात, म्हणून नंतर लवकर दिसत नाही.

मी ग्रहणाचं इचारलं. बाई म्हणाल्या, "ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. नाही जुळला तर तेव्हाच. तुमचं ग्रहण सातव्यात होतं ना?"

घरी येऊन मायले इचारलं, "तुह्या ग्रहणाले कितवा होता?"

"आठवा लागला होता."

"मंग माहा ओठ सहा महिने आधीच फाटला होता, माय."

मायनं बोटांवर महिने मोजले. मंग म्हणे, "मंग वांगे?"

"वांग्यानं काईच नाई केलं. तूनंही नाई केलं."

तिनं मान हलवली. पटलं का नाही, सांगता येत नाही. इतक्या वर्षांचं एका दुपारी कसं उतरन? त्या दिवशी मले पहिल्यांदा राग आला. उशिरा आला, पण आला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका संस्थेचे साहेब फॉर्म घेऊन आले. संस्था दवाखान्याचा खर्च देते. मी वाचला. तिसऱ्या पानावर होतं: बाळाचे आधीचे-नंतरचे फोटो बॅनरसाठी, आन कुटुंबानं कार्यक्रमात मनोगत सांगणं.

मी म्हटलं, "फोटो डॉक्टरच्या फाईलले घ्या, पाहिजे तेवढे. बॅनरले नाई."

"अहो, देणगीदारांना काय दाखवू? आजी आल्यात ना, त्यांनी दोन शब्द बोलावेत. जुन्या समजुतींबद्दल. लोकांना भिडतं."

माय बाकावर बसली होती. तिचा हात पदराकडे गेला. मी पाहिलं.

त्या कलमावर मी आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: उपचाराले हो, प्रदर्शनाले नाही. सही केली.

साहेबांनी यादी काढली. म्हणे, "मग नाव पुढच्या यादीत जाईल. विचार करा. लेकराचं नुकसान आहे."

प्लेट लावून केलेली तीन महिन्यांची मेहनत वाया जाणार होती. पोट्टी मांडीवर, नाकातून दूध गळून राहिलं होतं. मी ते पुसलं.

"खोडायचं तर खोडा," म्हटलं. "पण माह्यासमोर खोडा. काऊन खोडलं ते लिहा. तुमची सही करा. झेरॉक्स मी काढून आणते, एक दवाखान्याले, एक तुमच्या देणगीदारांले."

त्यांनी पेन उघडलं. मी उठली नाही. आता नाव खोडो की राहो, माही पोट्टी कोणाच्या दुकानाची सावली होणार नाही. आन माह्या मायच्या तोंडापुढं माइक धरायचा, तर आधी माह्याशी गाठ आहे.