जान आणि जाँ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कॅनडाच्या मैदानी प्रदेशातल्या या फ्रेंच शेतकरी खेड्यात मी शाळामास्तर आहे. गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघालं, तेव्हा मजकूर मीच टाइप केला. "इथली जमीन पहिल्यांदा जानने नांगरली," एवढंच म्हाताऱ्या लुसीलबाईंनी लिहून दिलं होतं. फ्रेंचमध्ये जान ही बाई आणि जाँ हा पुरुष; लिहिताना फरक शेवटच्या दोन अक्षरांचा. मी मूळचा मराठी मुलखातला; आमच्याकडे बाईनं नांगराला हात लावायचा नसतो. मला वाटलं, बाईंचीच चूक झाली. मी ती दोन अक्षरं गाळली.

छापलेलं पान वाचून लुसीलबाई हसल्या. "मास्तर, आमच्या आजीला मिशा फुटल्या की हो!"

"छापखानेवाले! काय बोलायचं त्यांना," मी म्हणालो.

आज दफनभूमीत लुसीलबाई आजीच्या थडग्याच्या दगडावरचा बर्फ हातमोज्यानं पुसत होत्या, नाव पूर्ण दिसेपर्यंत. पलीकडे शेतं नुसती पांढरी पसरली होती. पहिलं ढेकूळ कुणी फोडलं, हे जमीन सांगत नाही. ते माणसांनी नीट लिहून ठेवायचं असतं, आणि तेवढंच काम माझ्याकडे होतं.

चूक छापखान्याची नव्हती, माझी होती, हे लुसीलबाईंना सांगणं अजून राहिलं आहे.